जिन्यात अडकलेला टब

बुधवारी दुपारी जॉनराव जिन्यात अडकला आणि गुरुवारी सकाळी धम्मरत्न गेला. ह्या दोन गोष्टींची खंडूच्या डोक्यात अशी गाठ बसली होती, की एक आठवली की दुसरी आपसूक मागनं यायची.

जॉनराव काही कंपनीतला माणूस नव्हे. तो पुस्तकातला. धम्मरत्न मात्र कंपनीतला, आणि खंडूच्या समोरच्या खुर्चीवरचा.

चाकणच्या त्या कंपनीत शेवटच्या तपासणीच्या टेबलावर दोघं बावीस वर्षं समोरासमोर बसले. लायनीवरनं लोखंडी पट्ट्या वाकवून आलेले नग यायचे. एकेक उचलायचा, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा. बसला तर हिरव्या क्रेटमध्ये, न्हाई बसला तर लाल. आणि धड बसेना, धड अडेना असा एखादा निघाला की पिवळ्या क्रेटमध्ये. त्याला पिवळा टॅग बांधायचा, त्यावर होल्ड असं छापलेलं. खाली रकाने: पार्ट, नग, कारण, निर्णय, सही. धम्मरत्नला शंका आली की तो निर्णयाच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा, 'खंडू', आणि टेबलावरनं नग पलीकडं सरकवायचा. खंडू त्यावरनं अंगठा फिरवायचा आणि सांगायचा. अंगठ्यात मापं होती गड्याच्या.

एकदा सकाळपासनं नगामागं नग लालमध्ये जायला लागला. साहेबलोक घामाघूम. प्रेसवाल्यांना शिव्या सुरू. खंडूनं नग बाजूला ठेवला, गेजवरनंच अंगठा फिरवला आणि म्हणाला, "माल ओके. गेज रिजेक्ट." गेजच वाकलं होतं. ही गोष्ट धम्मरत्ननं इतक्या जणांना इतक्यांदा सांगितली, की खंडूला ती ऐकायची लाज वाटायला लागली.

पुस्तक धम्मरत्ननं चार वर्षांमागं पिंपरीत रस्त्यावर जुनी पुस्तकं मांडून बसतात तिथनं आणलं होतं. विटेएवढं जाड, इंग्रजी, आणि पहिली चारसहा पानं गळालेली. त्यामुळं लिहिणाऱ्याचं नावगाव त्यांच्याबरोबरच गेलेलं. "अमेरिकेतला कुणीतरी जुना म्हातारा हाये," धम्मरत्न म्हणाला होता. "पेपरात गमतीच्या गोष्टी लिहायचा. चित्रं पण स्वतःच काढायचा. सगळं एका जागी बांधलंय." चित्रं म्हणजे चारदोन वाकड्या रेघा. माणसांना मान नसायची, घरं एका अंगाला कललेली. पण माणूस घाबरलाय का रुसलाय, ते बघताक्षणी कळायचं.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की धम्मरत्न पुस्तक उघडायचा. एक घास, एक ओळ. पान इंग्रजी आणि तोंडातनं मराठी. खंडू मोशीचा, शाळेत सातवीपर्यंत गेलेला. इंग्रजी त्याला टॅगावर असतं तेवढंच यायचं. पण ऐकायला कान होते. जॉनरावाची सासू यायची, बायको रुसायची, शेजारी भांडायला यायचा, आणि हसता हसता खंडूचा घास घशात अडकायचा.

"अमेरिकेत बी आपल्यावानी गुरुवारी लाइट जाती व्हय रं?" त्यानं एकदा विचारलं.

"भाषांतर करतोय भावा मी. तू डबा खा."

"आन् त्याच्या सासूला भाकरी कशी म्हाईत?"

"गाववाले, ती सासू हाये. तिला सगळं माहीत असतं."

'गाववाले' हा टोमणा. मोशीच्या जुन्या लोकांच्या जमिनींवर इमारती उठल्या, लोक गाड्यांतनं फिरायला लागले. खंडूच्या वाटणीला भावाभावांत जे आलं ते दोन खोल्यांत संपलं. गाववाला असून डबा घेऊन कंपनीच्या बसनं येतो, म्हणून धम्मरत्न त्याला तसं म्हणायचा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर खंडूनं ऐकून घेतलं नसतं.

तर बुधवारी असं झालं. जॉनरावानं सासूसाठी अंघोळीचा टब विकत आणला. पत्र्याचा, म्हशीएवढा. भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. गड्यानं टब डोक्यावर पालथा घातला आणि निघाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टब अडकला. वर जाईना, खाली येईना. आत जॉनराव अंधारात. टबावर एक बदक येऊन बसलं. ते कुठनं आलं हे कुणालाच माहीत नाही. वरचे लोक खाली येईनात, खालचे वर जाईनात, आणि खालनं सासूचा आवाज आला, "जावई कुठाय?"

तेवढ्यात भोंगा झाला.

"मग?" खंडू म्हणाला.

"मग शुक्रवारी," धम्मरत्न म्हणाला. पुस्तक मिटलं. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते.

सुट्टीदिवशी सकाळी दाढी करता करता तो खाली बसला आणि उठलाच नाही.

खंडू रडला नाही. गेला, खांदा दिला, आला. शुक्रवारी शिफ्टला गेला. समोरची खुर्ची रिकामी होती, दोन दिवसांनी ती कुणीतरी उचलून नेली. नग येत होते, अंगठा फिरत होता, हिरवा, लाल, हिरवा. माणसं येऊन काहीबाही बोलून गेली. खंडू 'व्हय' म्हणत राहिला. आत काही हलत नव्हतं. बधिर झालेल्या दाढेवर जीभ फिरवावी तसं तो स्वतःला चाचपून बघायचा. हाताला काही लागायचं नाही.

घरी बायकोनं, इंद्रायणीनं, एकदा ताटाकडं बघून कपाळावर हात मारला.

"आमटीत मीठ दोनदा पडलंय. मी तोंडात घातली आन् थुकली. तुमी वाटी संपिवली?"

"संपिवली."

"कळलं न्हाई?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशीपासनं ती त्याच्याआधी चाखायला लागली.

हलत होतं ते एकच. टब. जॉनराव त्या जिन्यातनं सुटला कसा? बसमध्ये, टेबलावर, अंथरुणात, तेवढाच एक प्रश्न डोक्यात माशीसारखा बसायचा. माणूस गेला ते गेला, पण गोष्ट पुस्तकात हाय. पुस्तक त्याच्या घरी हाय. मग शेवट कळलाच पाहिजे. एवढं एक कळलं म्हणजे सुटलो, असं त्याला उगाच वाटत होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तो आठवडाभर थांबला आणि मग गुरुवारी संत तुकाराम नगरात धम्मरत्नच्या घरी गेला. त्याच्या बायकोनं, नीलावहिनींनी, पाणी दिलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या शेजारी धम्मरत्नचा नवा फोटो. फोटोत तो टाय लावून बसला होता. टाय त्याचा नव्हता, फोटोवाल्याचा असणार.

"वहिनी, त्येचं एक पुस्तक व्हतं. जाडं."

"कंपनीच्या पिशवीत असंल, भाऊजी. मी अजून उघडली नाही पिशवी."

त्यांची मुलगी अंजली बँकेत नोकरीला. तिनं पिशवी आणली. आत डबा, चष्मा आणि पुस्तक. खंडूनं घाईनं पानं उलटली आणि चित्र काढून तिच्यापुढं धरलं. वाकडा जिना, त्यात पालथा टब, खाली दोन पाय, वर बदक.

"ही गोष्ट. हितनं फुडं वाच. सुटतो कसा, तेवढं सांग."

अंजलीनं वाचलं. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं.

"काका, ह्याला गोष्ट नाहीये. नुसतं चित्र आहे. खाली एकच ओळ आहे."

"काय?"

"'मी तरी सांगत होते, मंगळवारी नेऊ.'"

"म्हंजे?"

"एवढंच."

"आन् जॉनराव? सासू?"

"जॉन नावाचं कुणीच दिसत नाही." ती पानं चाळत राहिली. "ही दुसरीच गोष्ट आहे. ह्यात एक मामा आहे, त्यानं महागाची छत्री घेतलीय आणि ती भिजेल म्हणून तो पावसात बाहेर पडत…" तिला एकदम हसू फुटलं. तिनं तोंडावर हात धरला आणि आईकडं बघितलं.

"वाच, वाच," नीलावहिनी म्हणाल्या. त्या भाजी निवडत होत्या. "त्यांना कुठं इंग्रजी यायचं एवढं. अर्ज भरायचा असला तरी तुला विचारायचे."

खंडू बसून राहिला. अंजलीनं छत्रीची गोष्ट शेवटपर्यंत वाचली, मराठीत सांगितली. गोष्ट चांगली होती. अमेरिकेतला म्हातारा हुशारच होता. पण त्याच्या गोष्टीत लाइट जात नव्हती, सासूला भाकरी माहीत नव्हती. चार वर्षं धम्मा चित्रं बघून मनानं दडपून सांगत होता, आणि खंडू डब्यावर बसून हसत होता. राग यावा असं त्याला वाटलं. तोही आला नाही.

"काका, ह्यात हे होतं." अंजलीनं चित्राच्या पुढच्या पानातनं पिवळं काहीतरी काढलं. होल्डचा टॅग. धम्मरत्नचं अक्षर:

पार्ट: टब. नग: १. कारण: जिन्यात अडकला, शेवट सुचेना. निर्णय: खंडू.

सहीची जागा रिकामी.

"जाताना पुस्तक न्या भाऊजी," नीलावहिनी म्हणाल्या. "आमच्यात त्याचं काय काम."

शुक्रवारी सुपरवायझर सुजित टेबलाशी उभाच होता. हातात टॅगांचं बुक. टॅग फाडून घेतला तरी त्याची पाठची प्रत बुकात राहते.

"खंडूभाऊ, ऑडिट आहे सोमवारी. एक होल्ड उघडा राहिलाय. पार्टचं नाव टब. कालच्या सुट्टीत येऊन आख्खं स्टोअर पालथं घातलं. टब कुठल्या गिऱ्हाइकाचा पार्ट आहे राव?"

"जॉनरावाचा."

"एक्स्पोर्ट आहे?"

"अमेरिकेला."

"अरे देवा!" सुजितनं कपाळ पुसलं. "माल कुठाय?"

"दुसऱ्या मजल्याव."

"आपल्याला दुसरा मजला नाहीये, भाऊ!"

"तुमी जा. मी करतो क्लोज."

सुजित बुक टेबलावर ठेवून गेला. पण क्लोज करायचा म्हणजे काय करायचं? निर्णय लिहिल्याशिवाय सही नाही, आणि उघडा टॅग खंडूनं बावीस वर्षांत ठेवला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं पुस्तक डब्याशेजारी उघडं ठेवलं आणि चित्र बघत बसला. टब कापावा? पत्र्याची चांगली वस्तू, कापायची कशाला. जॉनरावानं खालनं सरपटत निघावं? मग सासू टबातच अंघोळ करणार, जिन्यात, बदकासकट. हे धम्माला आवडलं असतं. पण बरोबर न्हाई, नग अडकलेलाच राहतो. शुक्रवार गेला. शनिवारीही तो बघत बसला. भोंगा झाला तरी डबा तसाच.

रविवारी त्यानं चित्रावरनं अंगठा फिरवला. नुसता, सवयीनं. टबाच्या रेघेवरनं, मग जिन्याच्या. टबाची रेघ बघ, कशी एका दमात काढलीय. जिन्याची मात्र तीनदा मोडलेली. म्हाताऱ्यानं जिनाच वाकडा काढला होता.

खंडूनं खिशातनं पेन काढलं. निर्णयाच्या रकान्यात 'खंडू'पुढं जागा थोडी होती. तिथं त्यानं बारीक अक्षरात लिहिलं: टब ओके. जिना रिजेक्ट. आणि खाली सही केली.

बुकातल्या प्रतीवरही तेच लिहून त्यानं बुक सुजितकडं दिलं. सुजितनं दोनदा वाचलं.

"जिना? हा नवीन पार्ट कुठला काढला?"

"तुमी फाइल करा. ऑडिटरला कळतंय."

तो टेबलाशी परत आला. नाकातनं एक फुर्रकन आवाज निघाला. शेजारच्या लायनीवरच्या बाईला वाटलं सर्दी झाली. त्यानं डबा उघडला, भाकरी मोडली, आमटीत बुडवून घास तोंडात घातला आणि थांबला. पुन्हा एक घास घेतला. मग घरी फोन लावला.

"आमटी आळणी हाय."



"मीठ टाकलंच न्हाई आज," पलीकडनं इंद्रायणी म्हणाली. "दोन दिस झालं, टाकतच न्हाई. म्हटलं, बघू कवा वराडताय."