छत्रीचा मान

आमच्या ह्यांना, जगदेवरावांना, कंपवात झाला तेव्हा देवासच्या कारखान्यातले दोस्त घरी येऊन हात बघून जायचे. हात थरथरतो ते सगळ्यांना दिसलं. माणूस आतून विझत चाललाय, ते मेल्या एकालाही दिसलं नाही. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. नातीच्या बारशाला भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दसऱ्याच्या पालखीत देवीवर छत्री धरायचा मान आमच्या घराकडे, दरबाराच्या काळापासून. दोन हजार तीन साली माझे चुलतदीर गणोजी आले नि म्हणाले, "दादा, तुमचे हात कापतात. मान मला द्या." हे म्हणाले, "घेऊन जा. मला काय करायचंय?" त्या छत्रीसाठी दरसाल बिनपगारी रजा घेणारा हा माणूस. पंचांसमोर नारळ दिलासुद्धा. नारळ दिला की देणाऱ्याला जिवंतपणी मान परत मागता येत नाही, त्याच्या मागून तो त्याच्याच मुलाकडे येतो, अशी आमची रीत.

पुढल्या साली तरुणनं, माझ्या मुलानं, ह्यांना मुंबईच्या दवाखान्यात नेलं. डोक्याला कॉईल टेकवायची नि आत चुंबकाचे ठोके द्यायचे. चिरफाड नाही, भूल नाही. डॉक्टर म्हणाले, "हे हातासाठी नाही, मनाच्या उदासीसाठी आहे. गुण येईलच असं नाही." पण आला. परतीच्या गाडीत हे म्हणाले, "चहात साखर कमी आहे." दीड वर्षांनी माणसानं काही मागितलं. मी तोंडाला पदर लावून रडले.

घरी पाऊल टाकताच विचारलं, "छत्री कुठाय?"

मी कंबर कसून पंचांकडे गेले, हेही आले. म्हटलं, तेव्हा हे आजारी होते, मनानं. डॉक्टरांचा कागद आहे. कृष्णराव पंच म्हणाले, "देखो वहिनी, डोकं ठिकाणावर नव्हतं तर नारळ खोटा, मान परत. पण मग घरात वेड आहे म्हणायचं. वेडाच्या घराकडे छत्री राहत नाही. तरुणकडेही नाही." मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, "बोल भिया, तेव्हा डोकं ठिकाणावर होतं का?"

हे माझ्याकडे बघेनात.

"होतं," म्हणाले. "पूर्ण ठिकाणावर होतं."

दसऱ्याला गणोजींनी छत्री धरली. हे ओट्यावर उभे राहून पालखी नजरेआड होईपर्यंत बघत होते, नि मग घरात येऊन लहान पोरासारखे रडले.

दिवाळीनंतर डॉक्टरांचा फोन आला. "उदास वाटतं का? रडू येतं का?" हे म्हणाले, "हो, रोज." डॉक्टर मला म्हणाले, "चुंबकाचा असर उतरलेला दिसतोय, परत घेऊन या." मी फोन आपटला. असर उतरला असता तर रडले कशाला असते?