आमचे हेवीवेट व्याही

मुलीचा बाप व्याह्यांना टरकून असतो, यात नवीन काही नाही. पण व्याह्यांनी मनात आणलं तर एका ठोशात आपण शेजारच्या काउंटीत जाऊन पडू, ही भीती उराशी धरून मुलीचं लग्न लावून देणारा बाप या पृथ्वीतलावर मी एकटाच. माझे व्याही ब्रिटनचे हेवीवेट बॉक्सर होते. साधेसुधे नव्हेत. त्यांच्या देशात राजघराण्याच्या खालोखाल लोक त्यांनाच मानत, आणि राजघराण्याबद्दल निदान दोन मतं तरी होती.

त्यांची बायको गेल्यापासून दर उन्हाळ्यात ते आमच्या लेकीकडे, सईकडे, अमेरिकेतल्या कॅरी गावी येत. आम्ही दोघं नवरा-बायकोही पार्सिपनीच्या आमच्या घरून गाडी हाकत तिथेच जाऊन पडायचो. व्याही टाउनहाउसच्या दारातून आत शिरले की घरातला उजेड कमी व्हायचा आणि आमची ही भरदुपारी स्वयंपाकघरातला दिवा लावायची. त्यांच्या तळहातावर बेसनाचा लाडू ठेवला तर औषधाची गोळी दिल्यासारखा दिसे. पहिल्यांदा दिला तेव्हा त्यांनी तो खरोखरच पाण्याबरोबर घेतला. ते शिंकले की पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म वाजत. नाक तर इतक्या वळणांनी खाली उतरलेलं, की शिंक बाहेर पडेपर्यंत तिलाच चक्कर येत असावी. आणि या माणसाचा मुलगा, म्हणजे आमचा जावई, काडीसारखा बारीक, पेशाने दातांचा डॉक्टर. बापाने जन्मभर लोकांचे दात पाडले, मुलगा ते परत बसवतोय. घरचा धंदा घरात राहिला.

त्यांचं इंग्रजी मला तीस वर्षं अमेरिकेत काढूनही निम्मंच कळायचं. तेव्हा इथे त्यांच्या तोंडी घातलेलं मराठी माझं आहे, आणि फोडणीही माझीच.

आमची पहिली टक्कर लग्नात झाली. मी त्यांना नीट समजावलं होतं, की व्याहीभेट म्हणजे हार घालायचा, नारळ द्यायचा आणि एकमेकांना मिठी मारायची. त्यांनी मान डोलावली. मग मला मिठी मारली, आणि सोडलंच नाही. गुरुजींचा मंत्र संपला, फोटो काढून झाले, पाहुणे टाळ्या वाजवून दमले, मी मात्र व्याह्यांच्या काखेत. आधी डोळ्यांसमोर तारे चमकले, मग एकेक पूर्वज दिसायला लागले. शेवटी जावई मंडपातून ओरडला, "डॅड, ब्रेक!" त्याबरोबर व्याह्यांनी मला सोडलं, दोन पावलं मागे सरकले आणि हात वर करून उभे राहिले. मग उलगडा झाला. रिंगणात दोन बॉक्सर एकमेकांना मिठी घालतात तेव्हा रेफरी 'ब्रेक' म्हणेपर्यंत सोडायचं नसतं. आधी सोडलं तर समोरचा हाणतो. ते बिचारे गुरुजींच्या तोंडाकडे बघत थांबले होते. "तुमचे रेफरी फारच सहनशील आहेत," ते मला नंतर म्हणाले. ते गुरुजी आता प्रत्येक व्याहीभेटीला हळूच 'ब्रेक' म्हणतात असं ऐकतो. शपथेवर सांगणार नाही.

हिच्याशी त्यांचं सूत जमलं ते ठेच्यामुळे. चटणी समजून त्यांनी चमचाभर ठेचा तोंडात टाकला आणि टेबल घट्ट धरून बसले. चेहरा लाल झाला, कान त्याहून लाल. आम्ही दही शोधत पळतोय, तोवर यांनी डोळे पुसले आणि वाटी पुन्हा पुढे केली. "इतका नेमका ठोसा मला आजवर कुणी मारला नव्हता." त्या दिवसापासून हिला 'चॅम्प' म्हणायला लागले. ही लाजायची. माझ्यासमोर कधी लाजल्याचं आठवत नाही.

आणि लोकांचं प्रेम! एकदा आम्ही इंडियन ग्रोसरीत गेलो होतो. पनीरच्या फ्रीझरपाशी एक पिकल्या केसांचा गोरा गृहस्थ यांना बघून थिजला. हातातलं पनीर खाली पडलं, आणि तो चक्क रडायला लागला. "सर, अटलांटिक सिटीची ती लढत! मी लहान होतो, वडिलांच्या मांडीवर बसून बघितली." व्याह्यांनी त्याचे दोन्ही हात चिमणीचं अंडं धरावं तसे धरले, त्याच्या वडिलांची चौकशी केली आणि पनीर उचलून दिलं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "काय जोरात जिंकला असाल हो त्या दिवशी!"

"हरलो. बेदम."

"मग तो रडत का होता?"

"त्यालाच विचारा, व्याही. मला त्यातलं फारसं आठवत नाही. तो जागा होता."

मागच्या उन्हाळ्यात सईची नोकरी गेली. सकाळी ऑफिसला पोचली तर कार्डाने दार उघडेना. घरी परत येईपर्यंत ईमेल आलेली. अकरा वर्षं एकाच फार्मा कंपनीत राबली होती पोरगी. ती वरच्या बेडरूममध्ये गेली आणि पडून राहिली. दोन घास खायची, भिंतीकडे तोंड करायची. पहिले काही दिवस मी समजुतीने घेतलं. मग माझ्यातला मराठी बाप जागा झाला. मी तिचा रेझ्युमे स्वतः अपडेट केला, पार्सिपनीपासून पार पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमाँटपर्यंत जेवढे काका होते तेवढ्यांना फोन केले. वर जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, प्लीज. आय कान्ट." मी रेझ्युमे घेऊन खाली आलो. आमची ही त्या दिवसांत भांडी घासताना रडायची, म्हणजे नळाच्या आवाजात कळू नये.

शेवटी एका सकाळी मी ठरवलं, पुरे झालं. फोन हातात घेतला आणि जिना चढायला लागलो. जिन्यात व्याही बसले होते. जिन्यात व्याही बसले म्हणजे जिना संपला.

"सरका. मी तिला उठवतो."

"कशाला?"

"कशाला काय? पोरगी पडून आहे!"

"पडलीय, म्हणूनच म्हणतो. बसा इथे."

बसलो. दुसरं काय करणार? उरलेल्या चार इंचांत बसलो.

"अटलांटिक सिटीत पहिल्यांदा पडलो," ते म्हणाले, "तो चेंडूसारखा उसळून उठलो. लाज वाटली हो. बायको बघतेय, देश बघतोय. मी उठलो, पण पाय खालीच राहिले होते. त्याने उभ्या उभ्या असा कुटला मला, की हे नाक तेव्हाचं आहे. राउंड संपल्यावर माझा म्हातारा ट्रेनर म्हणाला, गाढवा, पडलेल्याला उठायला रेफरी दहापर्यंत मोजतो ते फुकट असतं, घे की! पुढच्या वेळी पडलो, तेव्हा एका गुडघ्यावर बसून राहिलो. श्वास घेतला. आठ ऐकल्यावर उठलो. लोक बोंबलत होते, उठ, उठ! त्यांचं काय जातंय? त्यांचे पाय शाबूत होते."

"आणि सई उठलीच नाही तर?"

मला वाटलं, नेहमीसारखा काहीतरी विनोद करतील.

"माहीत नाही. रिंगणाच्या कोपऱ्यात आपली माणसं उभी असतात, ट्रेनर वगैरे, त्यांना ते कधीच माहीत नसतं. त्यांनी फक्त दिसत राहायचं. पडलेला माणूस आधी आपला कोपरा शोधतो." मग हात पुढे केला. "तो फोन द्या इकडे." त्यांनी तो पायरीवर ठेवला आणि त्याच्यावरच बसले. त्या फोनचं पुढे काय झालं ते विचारू नका.

मग आम्ही रोज जिन्यात बसायला लागलो. ही खालून चहा द्यायची. व्याही हरलेल्या लढती सांगायचे, मी माझे मॅनेजर सांगायचो. सईचं दार अर्धवट उघडं असायचं, त्यातून तिला आमची दोन टकलं दिसत असणार, एक जगप्रसिद्ध आणि एक माझं. अनेकदा माझ्या जिभेवर 'अगं उठ' यायचं. मी ते चहाबरोबर गिळायचो. किती गोड चहा प्यायलो त्या दिवसांत!

एका दुपारी दार पूर्ण उघडलं. सई आली आणि आमच्या वरच्या पायरीवर बसली. केस विस्कटलेले, अंगात तोच जुना टीशर्ट.

"यू गाइज आर सो वीअर्ड," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "बाबा, तुझ्या त्या फ्रीमाँटच्या काकांना सांग, मी मंडेला कॉल करते. नॉट बिफोर दॅट."

माझं तोंड उघडलं. मंडेपर्यंत थांबण्यातले तोटे मला पाठ होते. व्याह्यांचं कोपर जरासं हललं.

"बरं," मी म्हटलं. एवढं छोटं वाक्य मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

व्याही सप्टेंबरात परत गेले आणि थंडीत झोपेतच वारले. जावई आणि सई तिकडे जाऊन आले. सई सांगत होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, पावसात, टोप्या काढून. तिकडच्या पेपरांनी पहिल्या पानावर त्यांचा फोटो छापला. त्या माणसाने इतक्या लढती जिंकल्या होत्या, हात उंचावलेले फोटो ढिगाने असतील. छापला तो अटलांटिक सिटीचा. एक गुडघा खाली, एक ग्लोव्ह जमिनीवर टेकलेला.

सईने तो फ्रेम करून नव्या ऑफिसात टेबलावर ठेवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, कुणी भला माणूस प्रार्थना करतोय. ती काही सांगत नाही. मी परवा पहिल्यांदाच तो नीट निरखून बघितला. चेहऱ्यावर रक्त आहे, पण कुठे घाई नाही. समोर उभ्या असलेल्या चॅम्पियनकडे ते बघत नाहीयेत, लोकांकडेही नाही. मान वळवून फोटोच्या बाहेर, डावीकडच्या कोपऱ्यात कुणाकडे तरी बघतायत, आणि तिथला माणूस फोटोत आलेला नाही.