तिसरा कप

कॉफी भाजायला मी शिकले ती शिकागोत, तीही साठी उलटल्यावर, आणि शिकले ती माझ्या ताईसाठी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कशाकरता चाललं होतं ते ध्यानात राहील.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, मला वाढवलं तिनंच. नागपूरला दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळ्या करून करून तिला कॉफीची सवय लागली. आमचं सगळं गोत चहाचं, ही एकटी कॉफीवाली. दुधातली, चिकोरीची, वर जायफळ किसलेली. मी मुलाकडे अमेरिकेत आले नातीला सांभाळायला, नव्वदनंतरची ती वर्षं, आणि तिकडे ताईनं अंथरूण धरलं. घशाचा आजार. गिळता येईना म्हणून पोटात नळी घातली, त्यातून पातळ काहीबाही द्यायचे. रविवारी फोन लावायचो. ताईचा आवाज गेल्यातच जमा होता, भाची मध्ये बसून सांगायची. एकदा मी समोरच्या बाईच्या कॉफीचं वर्णन करत सुटले, तर भाची म्हणाली, "मावशी, आई म्हणतेय घेऊन ये. पिणार नाही म्हणे. नुसता वास घेईन."

मग मला दुसरं काही सुचेना.

ही समोरची बाई म्हणजे आमच्याच मजल्यावरची, इथिओपियाची. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतली आमची ती जुनी बिल्डिंग. ती एका हॉटेलच्या लाँड्रीत रात्रभर चादरी धुवायची, दुपारी उठून कॉफी करायची. त्या वासानंच मी तिच्या दारात गेले पहिल्यांदा. "एमामा, या," म्हणाली. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला एमामा म्हणतात. मी आपली शहाणी, जाताना दूध आणि जायफळ घेऊन गेले होते. तिनं दोन्हींचा वास घेतला आणि बाजूला ठेवून दिलं. "एमामा, कॉफी आजारी नाही. हिला औषध कशाला?"

तिची इंग्रजी माझ्यासारखीच मोडकी, त्यामुळे आमचं छान जमायचं. दोघींनाही एकमेकींच्या चुका कळायच्या नाहीत.

तिची कॉफी म्हणजे तास-दीड तासाचं काम. हिरवट, कच्चे दाणे पाण्यात चोळून धुवायचे. मग पसरट लोखंडी तव्यात मंद आचेवर हलवत राहायचं. आधी वाफाळलेल्या गवताचा वास येतो, मग भाजक्या ज्वारीचा, मग दाणे तडतडतात, तेलानं चमकायला लागतात आणि खरा वास सुटतो. तेवढ्यात छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायचा. त्याला तिनं आंघोळीची प्लास्टिकची टोपी घालून ठेवली होती, तरी बोंबलायचाच. मग मी स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालायची आणि ती तवा घेऊन फिरायची. भाजलेल्या दाण्यांचा धूर प्रत्येकाच्या पुढ्यात न्यायचा, आणि आपण आरतीवरून हात फिरवतो ना, तसा तो हातानं आपल्याकडे ओढून घ्यायचा. घेतल्याशिवाय ती पुढे सरकायची नाही. मी फोनवर सांगितलं ते हेच. ताईनं मागितलं तेही हेच.

कुटायला मी तिला डेव्हनवरच्या आपल्या देशी दुकानातून लोखंडी खलबत्ता आणून दिला होता. मग ती पूड लांब मानेच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळायची, गाळ खाली बसू द्यायची, आणि बिनकानाच्या चिमुकल्या कपात उंचावरून बारीक धार. सोबत मक्याच्या लाह्या. चव कशी सांगू? कडू तर असतेच, पण मागून जांभळासारखं काहीतरी तुरट-गोड येतं. ती म्हणायची, ते फळ सालीसकट उन्हात वाळवतात म्हणून. तिच्या आईच्या परसात, पार जंगलाला लागून, झाडं होती. "लावली कुणी?" मी विचारलं. "कुणी नाही. ती आधीपासून होती, आम्ही नंतर आलो." कॉफी निघालीच तिकडून म्हणे, शेळ्यांनी पाला खाल्ला, नाचायला लागल्या. "ती गोष्ट पाहुण्यांना सांगायची," ती हसायची. "आमच्या शेळ्या काहीही खातात आणि काही नाचत नाहीत."

त्याच गाळावर पुन्हा पाणी घालून दुसरा कप, पुन्हा घालून तिसरा. पहिल्याचं नाव अबोल, आणि तो घेतला की बायका बोलायच्या थांबत नाहीत. दुसरा तोना. तिसरा बरका, म्हणजे आपली बरकतच. तो न घेता उठायचं नसतं. पण दुसरा होईपर्यंत नातीची शाळेची बस यायची, मी उठायची. "एमामा, रोज आशीर्वाद सोडून जाता तुम्ही," ती म्हणायची. मी म्हणायची, "ठेव गं झाकून, उद्या घेईन."

हिवाळा लागायच्या आधी तिचा भाऊ गेला, तिकडे देशात. पहाटे अंधारात जिना पावलांनी भरला, पांढऱ्या शाली पांघरलेली तिची सगळी माणसं तिच्या दाराशी उभी राहिली, आणि तिनं दार उघडून त्यांना पाहिलं मात्र, जी किंकाळी फोडली ती आम्ही घरात ऐकली. नंतर कळलं, त्या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. तिच्या हातची कॉफी पिऊन जात होते आणि गप्प होते. मला भारी राग आला. "असं कसं गं फसवतात?"

"फसवत नाहीत, एमामा. ते एकटीनं ऐकायचं नसतं. सगळे जमेपर्यंत थांबतात."

मी तिला पिठलं-भात नेला होता. म्हटलं, आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात. तिनं बोटानं चाखलं. "हे तर शिरो!" त्यांच्याकडेही हरभऱ्याच्या पिठाचं तसंच करतात, फक्त आंबोळीसारख्या मोठ्या भाकरीशी खातात. "भात कशाला?" म्हणाली. म्हटलं, दुःखात चावायला लागू नये म्हणून असेल. रडता रडता तिनं मान डोलावली.

जानेवारीत ताईचं फारच झालं. मी मुलाच्या मागे लागले. तो आधी एप्रिलमध्ये जाऊ म्हणत होता, पण माझा चेहरा बघून त्यानं येत्या शुक्रवारचं तिकीट काढलं. समोरचीनं कच्च्या दाण्यांची पुडी बांधून दिली. मी तिच्यासमोर दोनदा भाजून दाखवलं. पहिल्यांदा करपवलं, दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आता तुमची ताई ओळखेल." पुडी मी पर्समध्ये ठेवली, सामानात नको, सामान हरवतं.

मंगळवार होता. बाहेर बर्फ. मुलगा आणि सून सकाळी कामावर गेले, जाताना मुलगा उगाच दोनदा परत आला, एकदा किल्ल्यांसाठी, एकदा कशासाठी ते त्याला सांगता येईना. दुपारी मी कुकर लावायला घेतला तेवढ्यात दार वाजलं. समोरची. एका हातात झाकलेलं पातेलं, दुसऱ्या हातात सुरई. अंगावर ती पांढरी शाल.

"आज इकडे कशी?" मी म्हटलं. "दाणे आण की, भाजू."

"भाजून आणलेत."

धूर घेतल्याशिवाय ती मला कधी कॉफी देत नसे. मी पातेल्यावरचं झाकण काढलं. शिरो होता, आणि त्याच्या बाजूला पांढरा भात. तिला भात करता येत नसे, पार लगदा झाला होता त्याचा.

मी पातेल्याकडे बघत राहिले. तिनं पुढे होऊन माझा गॅस बंद केला.

"ताई?" मी विचारलं.

"मुलगा संध्याकाळी येईल," ती म्हणाली. "तुमची माणसं येतील. तेव्हा ते बोलतील."

नंतर कळलं, मुलानं सकाळीच तिला सांगून ठेवलं होतं, आईवर लक्ष ठेव, पण बोलू नकोस. ती बोलली नाहीच. फक्त माझ्या घरात त्या दिवशी चूल पेटू द्यायची नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

मला रडू आलं नाही. तिनं मला बसवलं, जेवायला लावलं, मी घास गिळले. माझं गिळणं मलाच ऐकू येत होतं. ताईला गिळता येत नव्हतं, हे सारखं मनात. मग तिनं पहिला कप ओतला. दुसरा ओतला. मी सवयीनं घड्याळाकडे पाहून उठले तर खांद्यावर हात ठेवून तिनं खाली बसवलं. "शाळेची बस आज मी बघते." तिसरा कप भरून माझ्यापुढे ठेवला आणि शाल डोक्यावरून घेऊन बर्फात उतरली.

तो कप मी एकटीनं घेतला. बरकत-बिरकत काही लागली नाही मला. नुसतं कोमट, तपकिरी पाणी.

मुलगा अंधार पडता पडता आला. मागे सून, आणि तिच्यामागे आमच्या ओळखीची दोन घरं. दारातच जोडे काढत उभे राहिले सगळे. "आई, जेवलीस का?" त्यानं विचारलं, आणि त्याची नजर ओट्यावरच्या पातेल्यावर गेली. आमच्याच घरात वाढलेला तो, त्याला पिठलं-भाताचा अर्थ कुणी सांगायला नको होता.

"जेवले," मी म्हटलं.

तो माझ्याजवळ येऊन बसला. पाठ केलेलं सगळं विसरला असावा. नुसतं म्हणाला, "आई, तिकीट कॅन्सल केलंय गं. तिकडे सगळं उरकलं आज सकाळीच."

मी बरं म्हटलं. आता जाऊन वास तरी कुणाला द्यायचा होता?

सगळे गेल्यावर पर्समधली पुडी काढून मी नाकाशी धरली. कच्च्या दाण्यांना भाजेपर्यंत म्हणावा तसा वास येत नाही. थोडा वाळक्या गवताचा आला, तेवढाच.