सोमवारचं जू

आज महाडच्या ऑफिसात माझा चार्जर जळाला आणि त्या वासासरशी मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीतल्या न्हाणीत जाऊन पोचले.

तेव्हाही सोमवार होता. सोमवारी आमच्याकडे बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मुंबईहून सुट्टीवर आलेला दादा मात्र सकाळपासून पडवीत लॅपटॉपला चिकटलेला, शेजारी भात गार झालेला. वडील हाका मारून थकले. मग उठले, लॅपटॉप हिसकावला आणि न्हाणीच्या पेटत्या चुलीत कोंबला.

"बैलाला पन आज सुट्टी हाय रे! तुला कोन सोडनार?"

दादाने त्यांना भिंतीवर ढकललं. त्यांचं डोकं फुटलं. तिकडे न बघता दादाने दोन्ही हात जाळात घातले. प्लास्टिक आणि कातडी एकदमच जळाली. तेवढ्यात फोन वाजला. सोललेल्या बोटांनी तो उचलून दादा म्हणाला, "सॉरी सर, नेट गेलं होतं."

कितीतरी वर्षं मला वडीलच राक्षस वाटत होते. आज चार्जरने पेट घेतला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची ओढणीही पेटली, आणि माझे हात आधी लॅपटॉपकडे गेले.