मिशीचा शेवटचा मणी

आमच्या घरात खोबऱ्याचा डबा उघडला की मला अजून धस्स होतं.

अणदूर हे खंडोबाचं गाव. भंडाऱ्यासोबत उधळायला खोबरं लागतं, म्हणून वाट्यांचा पत्र्याचा डबा घरात बारा महिने भरलेला. एका वर्षी त्यात किडे झाले. निळेभोर, चकचकीत, पाय तेवढे लाल. सासूबाई डबा उन्हात उपडा करत होत्या. त्यांना आम्ही दोघी जावा आत्याबाई म्हणतो. मी केरसुणी घेऊन आले. धाकटी जाऊ मात्र तिथंच उकिडवी बसली, एक किडा तळहातावर घेतला आणि म्हणाली, "अक्का, बघा तरी. केवढा देखणा आहे."

मी बघितलं. देखणा होताच. पण मी म्हटलं, "लोटून टाक. भाकरी थापायच्यात अजून."

तेव्हा ती नवीन होती घरात. प्राणिशास्त्र शिकलेली. तो किडा ज्या कुळातला, त्याला इंग्रजीत चौकडीच्या कापडावरून नाव पडलंय, हे तिनं रात्रीच्या जेवणापर्यंत शोधून काढलं. चौकडीचे भुंगेरे. आमचा खोबऱ्यातला त्यांचा गरीब नातेवाईक. खरे नटलेले भाऊबंद ऑस्ट्रेलियात, निलगिरीच्या फुलांवर. पुढं तिनं याच कुळावर पीएच.डी. केली, जवळच्या कॉलेजात लागली.

मी शाळेत चित्रकला शिकवते. आर्ट टीचरचा डिप्लोमा करून लग्न झालं, नोकरी लागली. पुढं पदवी करायचं फार मनात होतं. त्यासाठी परगावी राहावं लागणार होतं. आत्याबाई म्हणाल्या, "शाळंत पोरींना फुलं काढाय शिकवायला आनिक किती शिकावं लागतंय?" मी अर्ज भरलाच नाही. धाकटीनं पीएच.डी.चं काढलं तेव्हा त्याच आत्याबाईंनी तिचं तान्हं पोर दोन वर्षं मांडीवर वाढवलं. काळ बदलला होता, आत्याबाईही बदलल्या होत्या. माझा नंबर तेवढा आधी लागला होता.

हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. घरात भांडण नाही, कुरबुर नाही. लोक आम्हा जावांचं उदाहरण द्यायचे. माझ्या हेव्याला तोंडच नव्हतं. डोळे मात्र होते. तिच्यासाठी झाकून ठेवलेला चहा मला दिसायचा. "आमची लहानी" म्हणताना आत्याबाईंचा आवाज कसा ओला होतो, ते ऐकू यायचं. पाहुणे आले की तिला "मॅडम बसा" आणि मला "बाई, पाणी आणा".

मग ऑस्ट्रेलियातला खोका आला. तिथल्या एका संग्रहालयानं तिच्या भरवशावर उसना पाठवलेला. आत फोमवर टाचण्यांना टोचलेले सतरा भुंगेरे, प्रत्येकाखाली नखाएवढी चिठ्ठी. हिरवट निळं अंग, त्यावर लव, पाठीवर दोन आडवे पट्टे. तिथल्या जुन्या संशोधकांनी यांना दोन नावं दिली होती. पिवळ्या पट्ट्यांचे ते एक, नारिंगी पट्ट्यांचे ते दुसरं. धाकटीचं म्हणणं, जात एकच आहे, रंग तेवढा हळूहळू बदलत जातो. दोनातलं एक नाव मोडीत काढायला हवं. जुन्या नावांचा असा फेरतपास करणं हेच तिच्या क्षेत्रातलं मोठं काम, असं ती सांगायची. "कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी घाईत नाव देऊन जातं अक्का, आणि ते निस्तरायला आपल्याला बसावं लागतं."

चित्रं मी काढावीत असं तिनंच सुचवलं. फोटो निघतात, पण लव आणि खोलगटपणा हातानंच नीट येतो म्हणे.

रविवारी सकाळी माडीवरच्या खोलीत आम्ही बसायचो. मायक्रोस्कोपच्या डोळ्यात बारीक चौकोनांची जाळी, तशीच जाळी माझ्या कागदावर. किड्याचं अर्धं अंग काढायचं, उरलेलं ट्रेसिंगवर उलटवून घ्यायचं. सतराही पाठी काढायच्या होत्या, पट्टे कसे फिके होत जातात ते ओळीनं दाखवायला. मिशा, पाय आपले ओघानं यायचे. खरं सांगते, त्या रविवारांसारखं सुख मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही. पोरांच्या वहीतल्या आंबा-केळीतून सुटले होते मी. ती शेजारी मोजमापं लिहीत बसायची. मध्येच म्हणायची, "अक्का, तुमच्या हातात जादू आहे हो." आणि खालून आत्याबाई ओरडायच्या, "अगं ए चित्रगुप्तांनो, खाली या, आमटी निवून चालली."

सहा चित्रं झाली होती. सातव्याच्या आदल्या दिवशी मी टेबल आवरत होते, तर तिच्या लेखाचा मसुदा दिसला. वर तिचं नाव. मी पानं उलटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली. माझं नाव कुठंच नव्हतं.

पानं जशीच्या तशी ठेवली. खाली येऊन कणीक मळली.

दुसऱ्या दिवशी सातवा भुंगेरा लावला. पहिले सहा पिवळ्या पट्ट्यांचे, हा नारिंगीतला पहिला. या किड्यांची मिशी म्हणजे ओवलेल्या मण्यांची माळ. टोकाकडचे मणी फुगीर. पहिल्या सहांत शेवटचा मणी गोल होता, ज्वारीच्या दाण्यासारखा. सातव्यात तो तिरका होता. कित्त्यासाठी बोरू छाटतात तसा, एका बाजूनं छाटलेला. मला वाटलं, टोक तुटलं असेल. दुसऱ्या बाजूची मिशी बघितली. तीही तशीच. आठवा बघितला. तसाच. नारिंगीतल्या ज्याचा पट्टा फिका होत होत पार पिवळ्याच्या जवळ गेला होता, त्याच्याही मिशीचं टोक तिरकंच. रंग सरकत होता, टोक सरकत नव्हतं.

मी काही प्राणिशास्त्र शिकले नाही. पण वीस वर्षं आकार बघण्यातच गेली होती माझी. दोन हातांची अक्षरं ओळखावीत तसं मला कळलं की हे दोन वेगवेगळे आहेत.

ती हाताच्या अंतरावर बसली होती. पट्ट्यांची रुंदी मोजत होती, ओठ हलत होते तिचे. "बघ गं जरा इकडं," एवढंच म्हणायचं होतं. मी पेन्सिलीला टोक केलं.

चित्रात मात्र मी खोटं काढलं नाही. ते मला जमलंच नसतं. गोल तिथं गोल, तिरका तिथं तिरका, सतराही चित्रांत. मनाला समजावलं, मी काय लपवलं? कागदावर तर आहे. तिला डोळे आहेत. ती तर मॅडम आहे.

तिनं बघितलं नाही. तिची नजर पट्ट्यांवर होती. जे शोधत होती तेच तिला दिसलं.

लेख छापून आला तेव्हा देव दरवर्षीसारखा काही दिवस मैलारपूरच्या देवळात मुक्कामाला गेलेला होता, गाव शांत होतं. पेपरात तिचा फोटो आला, 'अणदूरच्या सुनेनं लावला ऑस्ट्रेलियाच्या भुंगेऱ्याचा छडा'. आत्याबाईंनी तो कापून देव्हाऱ्याशेजारी लावला. तिनं छापील प्रत आधी माझ्या हातात दिली. प्रत्येक चित्राखाली माझं नाव होतं. आणि शेवटी, आभारात, तीन ओळी माझ्यावर.

आभार आणि चित्रांखालची नावं लेख पुरा झाल्यावर, सगळ्यांत शेवटी लिहितात. मला हे माहीत नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "छान छापलंय."

दीडेक वर्षानं तिकडच्या एका संशोधक बाईंचं पत्र आलं, त्यामागोमाग लेखही. फार सभ्य भाषेत होतं सगळं. संग्रहालयातले बाकीचे नमुने पुन्हा तपासले, जाती दोनच आहेत, मोडीत काढलेलं नाव परत घ्यावं लागेल. धाकटीनं ते स्वैपाकघरात उभ्यानं वाचून दाखवलं, जणू दुसऱ्या कुणाचं वाचतेय. शेवटचं वाक्य मराठीत करून सांगितलं: "लेखिकेच्या नजरेतून सुटलेला हा फरक चित्रकर्तीच्या चित्रांत मात्र स्पष्ट उतरला आहे."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अक्का, तुम्हाला दिसलं होतं?"

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं. "जे दिसलं ते काढलं आपलं."

नम्रपणाच वाटला सगळ्यांना. आत्याबाई तर हरखल्या. "बघ! थोरलीचा हात कसा खरा हाय. सायबाच्या देशातनं पावती आली." त्या आठवड्यात त्यांनी गल्लीत घरोघर सांगितलं. मी लग्न होऊन आल्यापासून ज्या वाक्याची वाट बघत होते, ते आलं. पाहुण्यांसमोर मला बसायला सांगितलं गेलं. आणि मला ते आवडलं, हे लिहायलाच हवं. दोन-चार दिवस मला ते फार आवडलं.

धाकटीनं मायक्रोस्कोपवर उशीचा अभ्रा घातला. एका परिषदेला जायची होती, नाही म्हणून कळवलं. रविवारी माडीवर जाईना. एकदा धान्य निवडताना खडा राहिला, तर आत्याबाई सहज बोलून गेल्या, "लहानीची नजर कच्चीच." ती हसली, पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अक्का, सोलापूरला येता का सोबत? डोळे दाखवून येऊ."

दवाखान्यात मी तिच्या मागं बसले होते. भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं ती वाचत होती, वरून खाली, न अडखळता. सगळ्यांत खालची ओळही वाचली. डॉक्टर म्हणाले, "नंबर नाही काही. उत्तम आहेत डोळे."

एसटीत खिडकीशी ती, तिच्याशेजारी मी.

"बरं झालं की," मी म्हटलं.

"काय बरं झालं? डोळे चांगले, म्हणजे डोकंच कच्चं. डोळ्याला चष्मा तरी मिळाला असता." तिकिटाची घडी घालत म्हणाली, "माझ्याकडचे नमुने परत पाठवून देते आता. पोरींना पुस्तकातलं शिकवीन, तेवढं पुरे. हे आपलं काम नव्हे."

ती खोटं बोलत नव्हती. सोडणार होती. मला जे हवं होतं ते पिशवीत घालून माझ्या मांडीवर ठेवल्यासारखं झालं.

"मला दिसलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"मिशीचा शेवटचा मणी. तिरका आहे ते."

"पत्र आल्यावर?"

"नाही. काढतानाच."

इटकळला बस थांबली. एक बाई कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन चढली आणि माझ्या पायांवरच टेकवलं तिनं. बस हलल्यावर धाकटीनं विचारलं, "कुठल्या नमुन्यात?"

"सातव्या."

तिनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "त्याच्यापुढं दहा होते. दहा वेळा सांगता आलं असतं, अक्का."

"हो."

"का नाही सांगितलं?"

"मसुद्यात माझं नाव नव्हतं." मोठ्यानं म्हटल्यावर ते कसं ऐकू आलं! पाचवीतली पोरगी रडत सांगते तसं. "आभार शेवटी लिहितात हे माहीत नव्हतं मला."

"मला विचारायचं तरी."

"आणि खरं सांगू? नाव असतं तरी बोलले नसते कदाचित. तुझं चुकावं असं वाटत होतं."

अणदूरला उतरल्यावर ती पुढं निघून गेली. माझ्यासाठी थांबली नाही. कधी नव्हे ते.

घरी आत्याबाई विळीवर खोबरं कातरत बसल्या होत्या. "काय म्हणला डाक्टर? नजर कच्चीच म्हणला असंल." धाकटी सरळ आत गेली. तिनं सांगितलं नसतं, मला माहीत होतं. मी चप्पल काढली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. किड्यांचं त्यांना कळलं नाही, पण बाकीचं कळलं.

"म्हंजी तुला ठावं हुतं?"

"होय आत्याबाई."

"आन् म्या गावभर सांगत सुटले, थोरलीचा हात खरा म्हनून." विळी बाजूला सारली त्यांनी. "हात खरा आन् त्वांड खोटं, व्हय गं तुझं?"

खोबऱ्याचे काप ताटात सारत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तवा तुला शिकू दिलं असतं तर..."

"नको आत्याबाई," मी म्हटलं. "ते निमित्त मी लई दिवस वापरलं."

पुढचे काही महिने धाकटी माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ द्या, गॅस आलाय, शाळेतून येताना दूध आणा. तिनं तिकडच्या बाईंना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात काय लिहिलं ते मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उशीचा अभ्रा मात्र एका रविवारी वाळत घातलेला दिसला.

गेल्या महिन्यात नवा खोका आला. तेच कूळ, दुसरी जात. त्या रविवारी मी खालीच भाजी चिरत होते. जिन्यावरून आवाज आला, "अक्का, वर या."

टेबलावर मायक्रोस्कोप होता, पण माझा कागद नव्हता, पेन्सिली नव्हत्या. तिच्यापुढं वही होती.

"आधी सगळे बघायचे," ती म्हणाली. "काय दिसतंय ते बोलायचं. मी लिहून घेणार. चित्र नंतर."

मी डोळा लावला. एक बघितला, दुसरा बघितला, तिसरा. चौथ्याला मला काहीतरी दिसलं. आणि सांगते, तेव्हाही आधी आतून तेच उठलं, माझ्याजवळच राहू दे हे. हेवा गेला असं मी म्हणत नाही.

"बोला की," ती म्हणाली.

"चौथ्याच्या खालच्या पट्ट्याला," मी म्हटलं, "आतल्या बाजूनं खाच आहे. पहिल्या तिघांना नाही."

"डावीकडं की दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

ती लिहीत होती. तिनं वर बघितलं नाही. मी पाचवा लावला.