छान, असेच लिहीत राहा

हे चार शब्द मी आठ वर्षं विद्यार्थ्यांच्या लिखाणाखाली चिकटवत आलो. चिकटवत हाच शब्द बरोबर आहे. एकदा टाइप करून ठेवले होते, तिथून उचलायचे आणि खाली सोडायचे.

मी बी.एड.च्या मुलांना मराठी कसं शिकवायचं ते शिकवतो. ही मुलं शाळांवर सरावपाठ घ्यायला जातात आणि पाठ टाचणाच्या वहीत मागच्या बॅचची वही समोर ठेवून एकच मजकूर उतरवतात : 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम होता. उद्दिष्टे साध्य झाली.' त्यावर उपाय म्हणून ब्लॉगची कल्पना मीच काढली. आठवड्याला एक नोंद लिहायची, वर्गात काय झालं आणि आपण कुठं चुकलो याची. पहिल्याच तासाला मी बजावायचो, "इथं खोटं लिहू नका. मी ओळन् ओळ वाचतो."

पहिल्या वर्षी खरंच वाचलं. मग कंटाळा आला. दुसरं कारण शोधलं तर सापडेल, पण खरं कारण एवढंच आहे. रविवारी जेवण झालं की लॅपटॉप उघडायचो, नवी नोंद पडली आहे एवढं पाहून शेरा चिकटवायचो, नसली तर पुढं जायचो. पन्नास जणांचं काम पाऊण तासात व्हायचं. कॉलेजात तपासणी समिती आली तेव्हा हेच ब्लॉग मी पडद्यावर दाखवले. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "मार्गदर्शन दिसतंय, सर." मी नम्रपणे मान हलवली.

त्या वर्षीच्या बॅचमध्ये वैजापूरकडची एक मुलगी होती. तिसऱ्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. वार्षिक पाठाच्या दिवशी ती आलीच नाही. बाहेरचे परीक्षक वर्गात मागच्या बाकावर बसलेले, तिच्यासाठी फळा पुसून ठेवलेला, आणि ती नाही. मी तिच्या मैत्रिणीला बाहेर बोलावलं.

"कुठं आहे ती? फोन लाव."

"ती नाय येणार, सर. तिनं सोडलं. महिना झाला, शाळेवर बी जात नव्हती."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला खरंच नवल वाटत होतं. "काय बिनसलं ते तिनं ब्लॉगवर लिहिलं व्हतं ना सर. तुमचा शेरा बी हाय की खाली."

मी परीक्षकांसाठी चहा सांगितला आणि जिन्यात उभं राहून मोबाईलवर तिचा ब्लॉग पहिल्यापासून वाचला.

पहिली नोंद उतरवलेली होती, उद्दिष्टे साध्य वगैरे. दुसरीत एकच स्वतःचं वाक्य होतं : 'आज चाळीस मिनिटं मी एकटीच बोलले.' पुढच्या आठवड्यात तिनं लिहिलं होतं की प्रश्न विचारला की उत्तर तीच देऊन टाकते, कारण वर्गातल्या शांततेची तिला भीती वाटते. मग : 'आज प्रश्न विचारून थांबले. मनात दहापर्यंत मोजलं. आठला एक हात वर आला.' त्यापुढं एकदा कवितेचा अर्थ फळ्यावर न लिहिता मुलांनाच विचारला होता. तीन वेगळे अर्थ निघाले, आणि तिनं तिन्ही राहू दिले होते. मला हे धाडस नोकरीच्या सहाव्या वर्षी जमलं. कुणाच्या मदतीशिवाय, आठवड्याला एक पान लिहून ती मुलगी शिक्षक होत होती. मी जे सेमिनारमध्ये सांगत फिरायचो, ते तिथं खरंच घडत होतं. आणि प्रत्येक नोंदीखाली माझे ते चार शब्द.

शेवटची नोंद शनिवारच्या निबंधाच्या तासाची होती. विषय 'माझे घर'. सातवीतली एक मुलगी उभी राहून वाचायला लागली : घराला गच्ची आहे, गच्चीवर मोगरा आहे, जिना पांढरा आहे. बाकीच्या हसायला लागल्या. "मॅडम, हिचं घर पत्र्याचं हाय! कशाची गच्ची?" आणि माझ्या विद्यार्थिनीच्या तोंडून निघून गेलं, "खोटं कशाला लिहिलंस? जे आहे ते लिहायचं." मुलीनं ते पान टर्रकन फाडलं आणि खाली बसली.

पुढं तिनं लिहिलं होतं : 'घरी येताना बसमध्ये लक्षात आलं. आपण जे शिकवायला निघालोय ते सगळं साहित्य नसलेल्या गच्चीचंच आहे. तिला ते न शिकवता आलं होतं, आणि मी तिला खोटारडी ठरवलं. सर, सोमवारी वर्गात गेल्यावर मी तिला काय म्हणू?'

खाली : छान, असेच लिहीत राहा.

तिचा नंबर माझ्या हजेरीपटात होता. मी फोन केला नाही. परीक्षकांच्या कागदावर तिच्या नावापुढं 'अनुपस्थित' लिहून सही केली.

वर्षभरानं पुतणीच्या लग्नाची खरेदी निघाली. क्रांती चौकाजवळच्या एका साड्यांच्या दुकानात बायको वरच्या मजल्यावर गेली आणि मी खाली गादीच्या कडेला टेकलो. समोर साड्यांच्या घड्या घालत तीच होती.

"सर! बसा ना नीट. पाणी घेता?"

"इथं असतेस?"

"व्हय. सात-आठ महिने झाले." तिनं शेजारच्या बाईला सांगितलं, "माझे सर हायेत, मावशी." मग हसत म्हणाली, "साड्या चांगल्या खपवते मी, सर. तुम्ही म्हणा की, छान, असेच विकत राहा."

मावशी हसली. मी हसू शकलो नाही. म्हणालो, "मी ते वाचलं नव्हतं. तेव्हा कुणाचंच वाचत नव्हतो."

तिचे हात घडीवर थांबले. तिचं हसू हळूहळू गेलं.

"वाचलंच नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं, वाचलं." ती साडीच्या काठाकडं बघत राहिली. "रविवारी तीनदा मोबाईल उघडला, सर. चौथ्यांदा शेरा दिसला. म्हणलं, सरांना यात काहीच वावगं दिसत नाय, म्हणजे आपल्यालाच कळत नाय काय चूक, काय बरोबर. त्या पोरीला काहीच बोलले नाय. पुढच्या निबंधाला तिनं कोरी वही दिली."

"परत ये. राहिलेले पाठ पूर्ण करता येतील, मी बोलतो प्राचार्यांशी."

"नको, सर." आवाजात राग नव्हता. "वर्गात उभं राहायचं तर आपल्या मनावर भरवसा लागतो. तो मोडला माझा." जिन्यावर माझ्या बायकोची पावलं वाजली तशी ती उठली. "काकू, या ना. पैठणीत दाखवू का?"

त्या संध्याकाळी मी तिचा ब्लॉग उघडला. नोंदी होत्या तशाच होत्या. तिच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला दोन तास लागले. लिहिलं की सोमवारी जाऊन त्या मुलीला एवढंच म्हणायचं होतं : चूक माझी होती, ते पान परत लिहिशील का, मला गच्ची पाहायची आहे. माझा तो शेरा खोटा होता आणि तुला जे कळलं होतं ते बरोबर होतं, हेही लिहिलं. बटण दाबलं.

पूर्वी माझा शेरा लगेच दिसायचा. आता तिथं एक ओळ आली : ब्लॉगच्या मालकाची मंजुरी मिळाल्यावर तुमची टिप्पणी दिसेल.

आता रविवारी मी सगळ्यांचं वाचतो. यंदा पंचेचाळीस जण आहेत, दोन दिवस जातात. शेवटी तिचा ब्लॉग उघडतो. कोरी वही देणारी ती मुलगी आता नववीत असेल. माझी टिप्पणी अजून दिसलेली नाही.