दत्ताभाऊंच्या तोंडावरचा पहारा

आमच्या कॅनिंग फॅक्टरीत सीझनला आंबे यायचे ट्रकने आणि किस्से त्यांच्या मागून. आंब्यांचं बरं असायचं. सोलले, उकळले, डब्यात भरले, डबा सील केला, विषय संपला. किस्से कुठे सील होतात! चाळीस बायका एका टेबलाला आंबे कापायला बसल्या की सकाळी नऊला झालेली गोष्ट अकराच्या चहाला निराळीच होऊन परत यायची. मी पॅकिंगची सुपरवायझर, त्यामुळे माझ्याकडे दोन्ही यायच्या. मी सांगत्ये ती नऊची. त्यात थोडं अकराचं मिसळलं असेल तर सांभाळून घ्या.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं, रत्नागिरीतलं, आणि सगळं एकाच माणसाचं. दत्ताभाऊंचं.

दत्ताभाऊ म्हणजे आमच्या फॅक्टरीची जीभ. गोडी मोजायचं यंत्र होतं हो, पण शेठचा विश्वास यंत्रावर नाही, दत्ताभाऊंवर. त्यांनी पाक चाखायचा, रस चाखायचा, मान हलवली की डबे भरायला सुरुवात. बारा सीझन चाखून चाखून जीभ नावाजली आणि बाकीचे दत्ताभाऊही वाढत गेले. एकशे सव्वीस किलो! घरगुती काट्यावर ते मावायचे नाहीत, म्हणून आंब्याच्या पेट्या मोजायच्या काट्यावर उभे राहायचे.

मग हृदयाने तक्रार केली. मुंबईत परदेशातून शिकून आलेला एक सर्जन होता, त्याने वजन उतरवायचं ते नवीन ऑपरेशन केलं. पोटाची अंड्याएवढी पिशवी करून ती पुढे आतड्याला जोडायची. आख्ख्या रत्नागिरीत असलं ऑपरेशन झालेला माणूस हा एकच! सर्जनने घरी सोडताना बजावलं, "गोड बंद. गोड पोटात गेलं की ते धाडकन आतड्यात उतरणार, घाम फुटणार, छाती धडधडणार. तुमचं हृदय आधीच कच्चं आहे. आणि चोरून खाऊन वजन परत वाढवलंत, तर पुढे माझ्या हातात काही नाही."

आणि हा माणूस कामाला कुठे? जिथे साखरेची पोती छताला टेकल्येत तिथे!

*

ऑपरेशननंतर कामावर पहिल्या दिवशी सुमनवहिनी, म्हणजे दत्ताभाऊंची बायको, त्यांना घेऊन रिक्षातून आली. शेठच्या केबिनकडे बघितलंही नाही तिने. सरळ आमच्या टेबलापाशी आली.

"हे बघा, मी तिकडे हॉस्पिटलात महिनाभर बाकड्यावर झोपल्ये. ह्यांना जिवंत परत आणलंय. आता दिवसा राखायचं काम तुमचं. ह्यांच्या तोंडात साखरेचा एक दाणा जरी गेला, तरी एकेकीला धरीन!"

चाळीस जणींनी आंब्याच्या चिकट हातांनी तिथल्या तिथे शपथ घेतली. दत्ताभाऊ मागे उभे होते. त्यांचं मत कोणी विचारलं नाही.

*

तरी दुसऱ्याच दिवशी घात झाला. फोडींचा पाक तयार झाला आणि सवयीने दत्ताभाऊंनी पळी तोंडाला लावली. लावली ती लावली, गिळलीही!

दहा मिनिटांत माणूस पांढराफटक. घामाने शर्ट चिंब, छाती धडधडत्येय, आणि पोत्यांवर आडवा. बॉयलरवाला गणू पुठ्ठ्याने वारा घालतोय, बायका देवाचं नाव घेतायत, एकजण रडायलाच लागली. मी तर मनातल्या मनात वहिनीला काय सांगायचं ते जुळवत होते. शेठ धावत आले, दत्ताभाऊंचा हात हातात घेऊन म्हणाले, "दत्ता, काही सांगायचं आहे काय रे?"

दत्ताभाऊंनी एक डोळा उघडला.

"पाकात साखर कमी आहे."

यंत्राने मोजली. कमी होती!

*

त्यानंतर नियम झाला. चाखायचं आणि थुंकायचं. पायापाशी एक बादली ठेवली. दत्ताभाऊ पळी तोंडात धरायचे, डोळे मिटायचे, आणि थू! त्या वेळचा त्यांचा चेहरा मला बघवायचा नाही. पण काम झकास चाललं.

मग एक दिवस मुंबईचा मोठा व्यापारी माल बघायला आला. सफारी सूट, सोबत दोन माणसं. शेठ त्याला मोठ्या अभिमानाने फिरवत होते. "हा आमचा हापूसचा रस. जगात असा मिळायचा नाही. आणि हे आमचे दत्ताभाऊ, ह्यांनी पास केल्याशिवाय डबा बाहेर पडत नाही."

दत्ताभाऊंनी पाहुण्यांना नमस्कार केला, रस तोंडात घेतला, आणि पाहुण्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर बादलीत थुंकले.

व्यापारी दोन पावलं मागे सरला. "शेठ, तुमचा स्वतःचा माणूस थुंकतोय, आणि आम्ही विकत घ्यायचं?"

शेठ गडबडले. मनात असेल ते तोंडातून निघालं, "नाही हो, तसं काही नाही! गिळलं तर तो मरेल, म्हणून थुंकतो!"

व्यापारी जेवायलासुद्धा थांबला नाही.

*

बाकी आम्हीही काही साध्या नव्हतो. फॅक्टरीत रोज कोणाचं ना कोणाचं तोंड गोड व्हायचंच. पोरगा पास झाला, पेढे. भाचीचं लग्न ठरलं, बर्फी. पालीहून येणाऱ्या एकीची म्हैस व्याली तर खरवस आला! दत्ताभाऊंच्या हातावर ठेवलेलं परत करणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. म्हणून असं ठरलं, की त्यांच्या शेजारी जी उभी असेल तिने त्यांचा वाटा खायचा. सेवा म्हणून!

सेवेला एवढी गर्दी व्हायला लागली की मला पाळ्या लावाव्या लागल्या. सुपरवायझर म्हणून जास्त पाळ्या अर्थातच माझ्या.

दिवाळीच्या आधी मी ब्लाउज उसवायला टाकले, एक नव्हे, सहा. शिंप्याने माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि टेप गळ्यात टाकत म्हणाला, "ताई, तुमच्या फॅक्टरीत एकाचं ऑपरेशन झालं म्हणे. बाकीच्यांचं कधी आहे?"

*

पुढच्या सीझनला दत्ताभाऊ शहाण्णव किलोवर आले होते आणि तिथेच अडकले. दर शनिवारी पेट्यांच्या काट्यावर वजन व्हायचं, तर सलग तीन शनिवार काटा हलेना! वहिनी रोज दुपारी डबा घेऊन यायची ती पोलिसासारखी. शेवटी तिनेच पकडलं. दत्ताभाऊंच्या मिशीची टोकं पिवळी!

चौकशीत निघालं ते असं. कापलेल्या आंब्यांचे बाठे आम्ही मागच्या पडवीत टाकायचो. दत्ताभाऊ तिथे रोज "हवेला" जायचे आणि चोखायचे.

"डॉक्टरांनी आंबा बंद सांगितलाय," दत्ताभाऊ वकिलासारखे म्हणाले. "बाठ्याचं नाव घेतलेलं नाही."

"मी विचारत्येच त्यांना!"

"विचार. ते नाही म्हणेपर्यंत मी खाणार."

वहिनीने त्याच दिवशी मुंबईला सर्जनला कार्ड टाकलं, 'पेशंटने बाठे चोखले तर चालेल काय?' पंधरा दिवसांनी टाइप केलेलं उत्तर आलं. 'बाठे म्हणजे काय, ते सविस्तर कळवावे.'

वहिनीने सविस्तर कळवलं. सर्जनचं 'नाही' आलं, तेव्हा सीझन संपला होता!

*

एकदा मी गोदामात गेले, तर दत्ताभाऊ साखरेच्या पोत्याला कपाळ टेकून उभे. मला वाटलं, चक्कर आली. जवळ गेले तर मोठमोठे श्वास घेतायत.

"भाऊ, काय चाललंय हे?"

"खात नाहीय गो," ते म्हणाले. "नुसता वास घेतोय. आता वासासाठीही डॉक्टरांना कार्ड टाकू काय?"

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मी गुपचूप दार ओढून घेतलं. वहिनीला हे मी कधीच सांगितलं नाही.

*

आता दत्ताभाऊंच्या आईचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही, पण आज सांगत्ये.

म्हातारी देवरूखच्या वरच्या अंगाला गावात राहायची. तिला ऑपरेशनचं कोणी बोललंच नव्हतं. कारण तिचा थोरला मुलगा मुंबईला अपेंडिक्सच्या ऑपरेशनला गेला होता, तो परत आला नाही. तेव्हापासून तिच्यासमोर ऑपरेशन हा शब्द काढायची कोणाची छाती नव्हती. दत्ताभाऊ दोन वर्षं गावी फिरकले नाहीत. गणपतीलासुद्धा दोन्ही वेळा 'ताप आहे' म्हणून कळवलं. कोकणातला माणूस गणपतीला घरी जात नाही? म्हातारीने ओळखलं, काहीतरी आहे. तिसऱ्या सीझनला एसटी पकडली आणि पिशवी घेऊन सरळ फॅक्टरीत हजर!

दत्ताभाऊ तेव्हा ऐंशी किलोवर आलेले. समोरच उभे होते. म्हातारीने त्यांनाच विचारलं, "बाबा, माझा दत्ता कुठे हाय रे?"

"आये, मीच."

म्हातारीने दोन्ही हातांनी त्यांचे गाल चाचपले, दंड चाचपले, आणि तिथेच मोठ्याने रडायला लागली. "कोणी उपाशी ठेवला रे माझ्या पोराला!" आम्हा सगळ्यांचे सुरे थांबले.

नेमकी त्याच वेळी वहिनी डबा घेऊन आली. म्हातारीने तो तिच्या हातातून घेऊन उघडला. मूठभर भात, माशाची एक तुकडी.

"एवढंच? हे काय मांजराला आणलंस?"

वहिनीने उघडलेलं तोंड मिटलं. काय सांगणार? ऑपरेशन म्हटलं असतं तर म्हातारी जागेवर कोसळली असती. शपथा घेतलेल्या आम्ही चाळीस जणी माना खाली घालून पुन्हा आंबे कापायला लागलो.

म्हातारीने पिशवीतून फडकं काढलं, सोडलं. गुळातले नाचणीचे लाडू, एकेक लिंबाएवढा. "खा. माझ्या डोळ्यांदेखत खा. नायतर मी हितनं हलायची नाय."

दत्ताभाऊंनी वहिनीकडे बघितलं. वहिनी जमिनीकडे बघत होती. त्यांनी लाडू घेतला आणि आईच्या डोळ्यांत बघत सगळा खाल्ला.

आम्ही मोजत होतो. दहा मिनिटं झाली नाहीत तोवर ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला, मानेवरून ओघळायला लागला. छातीवर हात न्यायचाही तो माणूस टाळत होता. तशात हसत होता.

म्हातारीने पदराने त्यांचा घाम पुसला. "बघा, नुसता लाडू खायला बी अंगात ताकद उरलेली नाय. घे बाबा, दुसरा खा. जीव येईल अंगात."

आणि तिने दुसरा लाडू त्यांच्या ओठांपाशी नेला. दत्ताभाऊंनी तोंड उघडलं.

वहिनी एका झेपेत पुढे आली. म्हातारीच्या हातातला लाडू तिने ओरबाडून घेतला आणि आख्खाच्या आख्खा स्वतःच्या तोंडात कोंबला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती चावत होती.

म्हातारीने रिकाम्या हाताकडे बघितलं. मग आमच्या सगळ्या टेबलाकडे वळून म्हणाली,

"बघितलंत गो बायांनो? आता कळलं ना, माझा दत्ता का वाळला तो!"